दीड थेंबाचा हिशेब

सकाळी साडेसात

जुलैत मी घरून अर्धा तास आधी निघतो. पापडीहून अंबाडी रोडच्या पुलावर चढायचं, रेल्वे ओलांडून पूर्वेला उतरायचं आणि गोखिवऱ्यावरून वालीवच्या गाळ्यांकडे वळायचं. पाऊस लागला की वाटेत कुठे पाणी तुंबलं असेल ते सांगता येत नाही. आणि या दिवसांत उशीर परवडत नाही. १ जून ते ३१ जुलै किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. बोटी काठावर चढवून प्लास्टिकने शाकारलेल्या असतात. अर्नाळा, पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव, खाडीपलीकडचं उत्तन, सगळीकडची इंजिनं याच दोन महिन्यांत उघडतात, आणि त्यांचे डिझेल पंप माझ्या टेबलावर येतात. जूनमध्ये कोणालाच घाई नसते. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात सगळ्यांनाच असते.

आमच्या गाळ्याला पंप रूम म्हणतात. आत येताना चपला बाहेर काढायच्या. खिडक्या बंद, एसी चालू. यात चैन काही नाही. या खोलीत जे भाग उघडले जातात, त्यांचा धुळीशी उभा दावा आहे.

आल्याआल्या पहिलं काम म्हणजे टेस्ट बेंच चालू करून तेल गरम करायला लावणं. पंप तपासायला डिझेल वापरत नाहीत, कॅलिब्रेशनचं खास तेल वापरतात, आणि ते ४० अंशांच्या आसपास असल्याशिवाय मोजमाप खरं येत नाही. थंड तेल घट्ट असतं, फटीतून कमी गळतं, आणि झिजलेला पंपही चांगला असल्याचा भास होतो. जिथे तेल तापायची अर्ध्या तासाची वाट पाहिली जात नाही, तिथले आकडे मी मानत नाही.

आठ

आयटीआय करून आलेला पोरगा पहिला पंप बाहेरून धुतो. काल रात्री अर्नाळ्याहून आलेला हा पंप एका सहा सिलिंडरच्या इंजिनाचा आहे. एका रांगेत सहा एलिमेंट, मागे गव्हर्नर, बाजूला फीड पंप. बाहेरच्या अंगाला मिठाचा पांढरा थर. चिठ्ठीवर बोटीच्या मालकांनी, म्हणजे नाखव्यांनी, लिहून दिलंय: ‘ओढत नाही. काळा धूर. पंप वाढवणे.’

शेवटचे दोन शब्द मी दर पावसाळ्यात वाचतो.

पोराने पाना उचलला तेव्हा त्याला थांबवलं. पंप खोलण्याआधी तो आला तसाच बेंचवर चढवायचा. खोलल्यावर पुरावा जातो. आधी काय बिघडलं होतं तेच कळलं नाही, तर आपण नक्की काय दुरुस्त केलं हे नाखव्याला कशावरून सांगणार?

सव्वानऊ

बेंचवर सहा नोझल, त्याखाली सहा काचेच्या नळ्या. मोटर पंपाला ठरलेल्या फेऱ्यांनी फिरवते, २०० फटक्यांचं तेल नळ्यांत जमा होतं आणि आपण उंची वाचतो. हे इंजिन १८०० राऊंडला १२० अश्वशक्तीचं. चार स्ट्रोकच्या इंजिनात पंप निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून बेंच ९०० वर लावला.

इथे मी पोराला वहीत हिशेब करायला लावतो. तो समजला की बाकीचं आयुष्यभर पुरतं. अशा इंजिनाला एका अश्वशक्तीसाठी तासाला साधारण १६५ ग्रॅम डिझेल लागतं. १२० अश्वशक्तीला झालं जवळपास २० किलो, म्हणजे साडेतेवीस लिटरच्या आसपास. आता पंपाचे फटके मोजायचे. मिनिटाला ९००, सहा सिलिंडर, साठ मिनिटं. तासाला ३ लाख २४ हजार फटके. साडेतेवीस लिटरला त्याने भागलं की एका फटक्याला येतात सुमारे ७३ घन मिलिमीटर. म्हणजे दीड थेंब.

एवढंच. एकशेवीस घोडे म्हणून ज्याचा गाजावाजा, तो एका वेळी दीड थेंब डिझेल आहे. तो दीड थेंब नेमका, वेळेवर आणि सहाही सिलिंडरला सारखा पोचवणं हा माझा व्यवसाय. २०० फटक्यांना नळीत साडेचौदा सीसी दिसायला हवेत.

या पंपाने पहिल्या नळीत सतरा दाखवले. तिसरीत पंधरा. पाचवीत साडेसतराच्या वर.

पोरगा म्हणाला, “दादा, हा तर कमी नाही, जास्तच देतोय.”

“मग चिठ्ठी पुन्हा वाच.”

तो वाचत असताना मी कमाल डिझेलच्या स्क्रूकडे पाहिलं. तारेचं शिशाचं सील तुटलेलं होतं आणि स्क्रूवर पान्याचे ताजे ओरखडे. माझ्याआधी कोणीतरी पंप ‘वाढवून’ दिला होता, आणि तरीही बोट ओढत नव्हती. म्हणजे रोग पंपात नव्हता. औषध मात्र पंपाला पाजलं गेलं होतं.

दहा ते साडेबारा

पंप खोलणं हा दिवसातला सर्वात शांत भाग. मोबाईल बाहेर टेबलावर ठेवायचा. सहा कप्प्यांचा ट्रे घ्यायचा, कारण एलिमेंट म्हणजे प्लंजर आणि बॅरल ही जोडी कारखान्यात एकमेकांसाठी घासून बनवलेली असते. दोघांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या घरात. पहिल्याचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये गेला की दोन्ही जोड्या वाया.

प्लंजरच्या अंगावर एक तिरकी खाच असते. प्लंजर वर जातो, बॅरलचं भोक झाकतो, डिझेल दाबलं जातं. ती तिरकी कड भोकापाशी आली की दाब सुटतो आणि फवारा थांबतो. रॅकची पट्टी सरकली की प्लंजर थोडा फिरतो, कड लवकर किंवा उशिरा येते, आणि डिझेल कमी-जास्त होतं. ना वायर, ना संगणक. रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने या पंपाचं मोठ्या प्रमाणावरचं उत्पादन १९२७ साली सुरू केलं. त्याआधी रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनात इंधन उडवायला दाबलेली हवा लागायची आणि त्या हवेसाठी जड कॉम्प्रेसर. असं इंजिन कारखान्यात किंवा मोठ्या जहाजातच शोभायचं. लहान बोटीत डिझेल इंजिन बसू शकलं त्यामागे या तिरक्या खाचेचा मोठा हात आहे. आपल्याकडे १९५१ साली बेंगळुरूत मायको उभी राहिली, पुढे नाशिकला सातपूरमध्ये नोझल आणि इंजेक्टर बनू लागले. कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं, पण नाखवे अजून ‘मायकोचाच टाक हां’ असं बजावतात.

एलिमेंट तपासायची जुनी रीत अजून सर्वात भरवशाची आहे. स्वच्छ डिझेलमध्ये बुडवलेला प्लंजर बॅरलमधून थोडा वर ओढायचा, सोडायचा, आणि तो स्वतःच्या वजनाने सावकाश, न अडखळता खाली गेला पाहिजे. धपकन पडला तर झिजला. अडकला तर गंज किंवा ओरखडा. या सहापैकी पाच चांगले निघाले. तिसरा अडखळत होता. भिंगाखाली त्यावर तपकिरी ठिपके दिसले: पाणी.

हे पाणी समुद्राचं नव्हे. पावसाळ्यात बोट काठावर उभी राहते, टाकी अर्धी रिकामी असते, आतली दमट हवा रात्री थंड होते आणि टाकीच्या भिंतींना दव धरतं. ते तळाशी साचतं. टाकी भरून ठेवा, तळाचा कॉक सोडून पाणी काढा, हे मी प्रत्येकाला सांगतो. या पंपात प्लंजरला वंगण म्हणून डिझेलच मिळतं. वेगळं ऑइल तिथे पोचत नाही. डिझेलमध्ये पाणी किंवा रॉकेल मिसळलं की लोखंडावर लोखंड घासायला लागतं. ९०० फेऱ्यांना एक प्लंजर दहा तासांत ५ लाख ४० हजार वेळा वर-खाली होतो. इतक्या वेळा सुकं घासल्यावर दोन मायक्रॉनची फट दोन मायक्रॉनची कशी राहील?

मधल्या वेळात पोराने नोझल लावून पाहिले. दट्ट्या मारला की ठरलेल्या किलोला कर्र आवाज करत धुक्यासारखा फवारा सुटला पाहिजे, आणि टोकाशी थेंब लोंबता कामा नये. सहापैकी दोन टपकत होते. तो फवारा बघायला हात पुढे करू लागला तेव्हा मी ओरडलो. या एकाच गोष्टीवर मी ओरडतो. दोनशे किलोच्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं. बाहेर टाचणीएवढा ठिपका दिसतो आणि आत बोट सडतं. असं झालं तर दुखायची वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठायचं, हे त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं.

साडेबारा

वीज गेली. वालीवच्या पट्ट्यात हे नवं नाही. बेंचला थ्री फेज लागतं, त्यामुळे मोजमापाचं काम थांबलं. डबे उघडले.

दीड

नाखवे स्वतः आले, सोबत त्यांच्या घरच्या मावशी. साठीचे गृहस्थ, अर्नाळ्याला पिढ्यान् पिढ्यांची दालदी मासेमारी. त्यांच्या वडिलांनी शिडाची होडी चालवली, यांनी दहा अश्वशक्तीपासून सुरुवात केली.

“मिस्त्री, झाला का वाढवून?”

“नाखवा, तुमचा पंप आधीच वाढवलेला होता. मी कमी करणार आहे.”

त्यांचा चेहरा उतरला. त्यांची बाजू मला कळते. १ ऑगस्टला सगळे एकदम सुटतात. सरंग्याच्या जागेवर आधी पोचेल त्याचं जाळं आधी पडतं. मागच्या हंगामात शेजारच्याची बोट यांच्या पुढे गेली, आणि शेजाऱ्याच्या इंजिनावरही १२०च लिहिलेलं.

मग मी त्यांना इंजिनाच्या पाटीबद्दल सांगितलं, जे मी दर हंगामात सांगतो आणि सांगत राहणार आहे. पाटीवरचा आकडा लोखंडाचा गुण नसतो. कारखाना त्याच सहा सिलिंडरच्या ठोकळ्याला तीन-चार निरनिराळ्या अश्वशक्ती देतो. ट्रकला जास्त, जनरेटरला वेगळी, हौशी बोटीला सर्वात जास्त, आणि मच्छीमारी बोटीला कमी. ठोकळा तोच, पिस्टन बहुतेक तेच. बदलतो तो पंपाचा स्क्रू, राऊंड, आणि त्यामागचं एक वचन: इतकी शक्ती इतके तास. ट्रक घाट चढताना पूर्ण दम लावतो, मग उतार लागतो, सिग्नल लागतो, टोलनाका लागतो. समुद्रात उतार नाही. अर्नाळ्याहून निघालेलं इंजिन पाच-सहा तास एकाच भारावर राहतं. म्हणून बोटीच्या पाटीवर ‘कंटिन्युअस’ लिहिलेलं असतं. जागतिक मानकाप्रमाणे त्याचा अर्थ असा की एवढी शक्ती अखंड घ्या, आणि बारा तासांत फार तर एक तास दहा टक्के जास्त. हौशी बोटीच्या पाटीवर तीनशे दिसले तरी ते तासाभराचे तीनशे असतात, तुमच्यासारखे रात्रभराचे नव्हेत. वसई-भाईंदर रो-रो फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झाली, तिच्या इंजिनाचा दिवस आणखी निराळा: थोडं अंतर, मग थांबणं, मागे-पुढे, पुन्हा थोडं अंतर. तीच अश्वशक्ती तिथे वेगळं आयुष्य जगते.

“म्हणजे माझ्या इंजिनात जास्त ताकद आहे, पण तू ती काढू देत नाहीस,” नाखवे म्हणाले.

“आहे, पण तुमच्या इंजिनात तेवढी हवा नाही. एक किलो डिझेल पुरतं जळायला साडेचौदा किलो हवा लागते, आणि प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त द्यावी लागते. तुमचं इंजिन टर्बोशिवायचं. ते स्वतः ओढेल तेवढीच हवा. वरचं डिझेल जळत नाही, काळा धूर होऊन जातं. जे अर्धवट जळतं ते पिस्टनचं डोकं आणि व्हॉल्व्ह भाजतं.”

मावशी इतका वेळ गप्प होत्या. घरात डिझेलचा हिशेब त्या ठेवतात. त्यांनी विचारलं, “धुरात किती जातंय?”

मी नळ्यांचे आकडे दाखवले. साडेचौदाच्या जागी सरासरी सव्वासोळा. तासाला अडीच-तीन लिटर जास्त. त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि नाखव्यांकडे पाहिलं.

मग मी दुसरा आकडाही सांगितला, जो फार थोडे लोक सांगतात. बोटीच्या पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. १८०० ऐवजी १६२० राऊंडला चालवलं, म्हणजे दहा टक्के कमी, तर शक्ती दीडच आणा कमी होत नाही, चार आण्यांहून जास्त कमी होते. १२०च्या जागी सुमारे ८८ अश्वशक्ती. डिझेल तासाला साडेतेवीसऐवजी सतरा लिटरच्या आसपास. परतीच्या वाटेवर, बर्फ पुरेसा असताना, घाई कशासाठी?

“परतीला मी सांगते त्याला,” मावशी म्हणाल्या.

सरकारी कागदांतही अश्वशक्तीचा आकडा वजनदार आहे. बोटीच्या नोंदणीत तो लिहिलेला असतो, आणि डिझेलच्या करपरताव्याच्या चर्चेत ‘१२०’ हा आकडा वर्षानुवर्षं कोळीवाड्यांच्या तोंडी राहिला. म्हणून काहींना पाटीवर एक आणि पंपात दुसरा आकडा हवा असतो. मी ते करत नाही. पाटी आणि पंप यांनी एकच बोललं पाहिजे.

जाता जाता मी विचारलं, “नाखवा, ओढत नाही हे कधीपासून?”

“दिवाळीनंतर. पंखा बदलला ना, जाळं अडकून पातं वाकलं होतं. मुंबईच्या दारूखान्यातल्या भंगारातून आणला. बरा मिळाला, जुना असून जड आहे.”

मी काम संपवून अर्नाळ्याला येतो म्हणून सांगितलं.

तीन

वीज आली. तेल पुन्हा ४० अंशांवर.

नवा तिसरा एलिमेंट, धुतलेले डिलिव्हरी व्हॉल्व्ह, सगळी नवी पॅकिंग. आधी फेजिंग. सहा सिलिंडरचा पंप, म्हणजे दर ६० अंशांनी एक फवारा, १-५-३-६-२-४ या क्रमाने, आणि अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक चालत नाही. टॅपेटची उंची कमी-जास्त करून ते जुळवायचं. मग कॅलिब्रेशन: सहाही नळ्यांत साडेचौदा, एकमेकांत दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक नाही. एक सिलिंडर जास्त खातो, दुसरा उपाशी, असं इंजिन पाटीइतकी शक्ती दाखवतं, पण थरथरतं आणि एकाच लायनरवरून फुटतं. मग आयडलिंग. मग स्टार्टिंगचं डिझेल.

शेवटी गव्हर्नर, आणि बोटीच्या पंपात मी सर्वात जास्त वेळ त्यालाच देतो. खवळलेल्या पाण्यात मागची बाजू उचलली की पंखा क्षणभर हवेत फिरतो. भार एकदम नाहीसा होतो. त्या क्षणी गव्हर्नरने रॅक ओढून डिझेल तोडलं नाही तर इंजिन पळत सुटतं, आणि किनाऱ्यापासून लांब तुटलेल्या कनेक्टिंग रॉडला उपाय नसतो. ट्रकच्या बेतावर लावलेला ढिला गव्हर्नर बोटीला देणं हे खलाशांच्या जिवाशी खेळणं आहे. मी बेंच सावकाश ९००च्या वर नेला, नळ्यांतलं तेल कमी होत होत बंद झालं, परत खाली आणला, पुन्हा वर. तीनदा तेच उत्तर आलं तेव्हा समाधान झालं.

कमाल डिझेलचा स्क्रू बसवला, तार ओवली, शिशाचं सील पक्कडने दाबलं. कागदावर सहाही आकडे लिहिले, आल्यावरचे आणि गेल्यावरचे.

अशा पंपांचं काम आता कमी होत चाललंय. १ एप्रिल २०२०पासून देशभर बीएस-सहा लागू झालं, नव्या ट्रकांत कॉमन रेल आली, आणि माझ्याकडची हायवेवरची गिऱ्हाईकं संगणक लावणाऱ्यांकडे गेली. मीही ते शिकलोय. तरी खाऱ्या हवेत, भिजलेल्या वायरिंगच्या शेजारी, जाळं टाकलेल्या रात्री, हाताने हवा काढून पुन्हा चालू करता येणारा पंप मच्छीमाराला हवा असतो, आणि त्यात तो चूक आहे असं मला वाटत नाही.

साडेपाच

पंप गोणपाटात गुंडाळला, तोंडांना टोप्या लावल्या, आणि पोराला मागे बसवून अर्नाळ्याला निघालो. विरारच्या गर्दीतून बाहेर पडलं की आगाशीपासून हवा बदलते.

बोट काठावर ओंडक्यांवर टेकवलेली. आधी टाकीतलं पाणी काढलं, तांब्याभर निघालं. फिल्टर नवे. फ्लायव्हीलवरची खूण जुळवून टायमिंग बसवलं, हातपंपाने हवा काढली, एकेका पाइपाचं नट ढिलं करून बुडबुडे थांबेपर्यंत. थंडाव्यासाठी पिंपातून नळी लावली. दुसऱ्या सेल्फला इंजिन धरलं. पहिला पांढरा धूर, मग काहीच नाही. आयडलला सहाही सिलिंडर सारखे बोलत होते.

नाखवे खूश झाले. मी त्यांना इंजिन बंद करायला सांगून बोटीच्या मागे गेलो. काठावर भाराविना इंजिन कसं चालतं यावरून काही ठरत नाही. खरं उत्तर पंख्यापाशी होतं. काथ्याने घासून पंख्याच्या बुंध्यावरचे आकडे मोकळे केले: ३४ बाय २६.

“जुना किती होता?”

बोट चालवणाऱ्या तांडेलने नव्या पंख्याकडे बघून आठवलं. “चौतीस-बावीस.”

व्यास तोच, पिच चार इंचांनी जास्त. प्रत्येक फेरीत पंखा जास्त पाणी मागे लोटायला बघतो, इंजिनाला ते झेपत नाही, राऊंड १६००वरच अडकतात, गव्हर्नर रॅक पूर्ण उघडी ठेवतो आणि धूर येतो. त्यावर कोणीतरी डिझेल वाढवलं, धूर आणखी वाढला. शेजाऱ्याची बोट पुढे जात होती ती त्याच्या पंख्यामुळे.

“पिच कमी करून मिळेल?” नाखव्यांनी विचारलं.

“मिळेल. पाती गरम करून पिच उतरवणारे कारागीर आहेत. नाहीतर जुना पंखा सरळ करून घ्या, तो या इंजिनाचाच होता.”

जुना पंखा घराच्या पडवीत पडला होता. एक पातं वाकलेलं, बाकी तीन शाबूत. तो सकाळी टेंपोत टाकायचं ठरलं.

मी मावशींकडे कागद दिला आणि नाखव्यांना सांगितलं: समुद्रात उतरल्यावर पहिल्या दिवशी बर्फ, जाळं, माणसं, सगळा भार घेऊन थ्रॉटल पूर्ण उघडा. राऊंड मीटरने १८०० गाठले पाहिजेत. थोडे वर गेले तरी चालतील, खाली राहिले तर नाही. धूर काळा दिसला तर परत या, स्क्रूला हात लावू नका. गाठलेला आकडा मला फोनवर सांगा. तो आल्यावर मी या पंपाच्या कागदाची माझ्याकडची प्रत फाईलला लावेन, तोपर्यंत ती टेबलावरच राहील.